पहिला बास्केट पडेपर्यंत

७ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो, आणि चांगले अकरा गुणांनी जिंकलो. मार्चच्या मोठ्या बास्केटबॉल स्पर्धेत देशभरातल्या कॉलेजांचे अडुसष्ट संघ घेतात. आमच्या कॉलेजचा संघ, म्हणजे नावाडी, सध्या अगदी काठावर आहेत. आत की बाहेर, ते निवड समितीच्या मनात येईल तसं. गेल्या वर्षी याच सुमारास आमचं नावही कोणी घेत नव्हतं, त्यामुळे काठ म्हटलं तरी बरं वाटतं.

आर्दिसच्या, माझ्या बायकोच्या, खुर्चीवर नेहमीप्रमाणे माझा कोट ठेवला. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण तिचं हंगामाचं तिकीट मी सोडलेलं नाही. डावीकडे कोट, उजवीकडे माझा जुना मित्र मर्ल. लग्नानंतरची बहुतेक सगळी वर्षं सभागृहाच्या अकराव्या विभागात आम्ही तिघं असेच बसत आलो.

मर्ल आज फार चिडचिड करत होता. प्रत्येक बास्केटला विचारायचा, "कोणी टाकला?" मी म्हटलं, "लेका, समोर तर चाललंय." तर म्हणे, "या नव्या पोरांचे गणवेश सगळे सारखेच." सारखे असतात म्हणूनच त्यांना गणवेश म्हणतात.

गाडी काढायची पाळी त्याची होती, पण पुन्हा मलाच काढायला लावली. त्याच्या गाडीचे दिवे बिघडलेत म्हणे. जन्मभर नदीवरच्या बोटींची इंजिनं उघडून बसलेल्या माणसाला दिवा बदलता येत नाही, हे मला पटत नाही. आळशी झालाय म्हातारा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रोंडाच्या डोनटच्या दुकानात सकाळची सभा भरली. मी, मर्ल आणि डेलबर्ट. डेलबर्ट निवृत्त पोस्टमन आहे, त्याला सगळ्यांचे आकडे पाठ.

"राहिलेल्यांतले तीन जिंकले तर आत," डेलबर्ट म्हणाला.

"दोन पुरेत," मर्ल म्हणाला. "परगावी जाऊन किती जिंकलोय ते बघ ना."

"समिती ते बघत नाही. समिती संगणक बघते. संगणकाने आपल्याला एकाहत्तरावं ठेवलंय."

"तुझा संगणक कधी सामन्याला आला होता का? कुठे बसला होता?"

रोंडा कॉफी ओतता ओतता म्हणाली, "माझ्या दुकानात आला असता तर तुम्हा तिघांपेक्षा लवकर उठून गेला असता."

मग वर्तमानपत्र निघालं. आमच्या पेपराने स्वतःचा क्रीडावार्ताहर कधीच काढून टाकला. आता ट्रेव्हर नावाचा कोणी पोरगा दोन तासांवरच्या शहरात बसून, टीव्हीवर सामना बघून लिहितो. मर्ल म्हणाला, "वाच, मोठ्याने वाच. मी त्याचा पेपर हातात धरत नाही." हे त्याचं नाताळापासूनचं व्रत आहे. मी वाचलं: 'नावाडी वल्ही जोरात मारतात, पण गोल गोल.' मर्लने टेबलावर अशी थाप मारली की कॉफी सांडली. "पुन्हा वाच!" मी पुन्हा वाचलं. एखाद्याचा इतका राग असेल तर त्याचं लिखाण दोनदा कशाला ऐकायचं, मला कळत नाही. पण खरं सांगायचं तर मला वाचायला आवडतं. आर्दिस गेल्यापासून मोठ्याने बोलायचे प्रसंग कमीच येतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हरलो. एका गुणाने, आणि तोही आमच्या जुन्या वैऱ्यांकडून, बेलमोर कॉलेजकडून.

हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. सामना सुरू झाला की आपला पहिला बास्केट पडेपर्यंत आमच्याकडे कोणीही बसत नाही. माझ्या आजोबांच्या काळापासूनची रीत आहे. पाय मोडलेली माणसं कुबड्यांवर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. आर्दिस शेवटच्या हंगामात माझ्या खांद्याला धरून उभी राहायची, पण राहायची.

आज बेलमोरवाले बसगाड्या भरभरून आले होते आणि नेमके आमच्या मागे बसले होते. पहिला बास्केट त्यांचा पडला. मागे एकच गलका झाला आणि मर्ल खाली बसला. अगदी आरामात, गुडघ्यांवर हात ठेवून. सगळा अकरावा विभाग उभा आणि हा एकटा बसलेला!

खालच्या रांगेतून डेलबर्ट ओरडला, "मर्ल, बाबा, तो त्यांचा होता!"

मर्ल ताडकन उठला. कान लाल झाले होते. मी म्हणालो, "डोळे घरी ठेवून आलायस का?" आजूबाजूचे हसले. मग सामना संपेपर्यंत त्याने एकदाही विचारलं नाही, कोणी टाकला म्हणून. मलाच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

एका गुणाने हरलो की माणूस कारण शोधतोच. गाडीत मी म्हणालो, "तू बसलास तिथेच नशीब बसलं." गंमत म्हणून म्हणालो, थोडं खरं म्हणूनही. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. उतरताना म्हणाला, "पुढच्या सामन्याला माझी वाट बघू नकोस. रेडिओवर ऐकेन. या प्रशिक्षकाला बघायचा कंटाळा आलाय."

म्हणजे संघ काठावर आला आणि हा पठ्ठ्या उतरून चालला. इतक्या वर्षांनंतर!

१६ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी रेडिओवर चिपचा कार्यक्रम असतो, लोक फोन करून बोलतात. मी कधी फोन करत नाही, आज केला. घर फार शांत होतं आणि सकाळपासून मर्लचा राग डोक्यात होता.

मी म्हणालो, "संगणक, समिती, ट्रेव्हर, सगळं बाजूला ठेवा. आपले घरचेच लोक बेलमोरच्या बास्केटला खाली बसतात आणि मग म्हणतात मी आता येत नाही. होडीत पाणी शिरल्यावर उडी मारणारे हे."

चिप हसत सुटला. "अकरावा विभाग ना? बसणारा तो मर्ल तर नव्हे, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा तो?"

मी नाव घेतलं नव्हतं. मी फक्त हसलो. चिप माझ्या वतीने ओरडला, "खाली बस, मर्ल!" आणि मागे धप्पकन बसल्याचा आवाज लावला. कार्यक्रम संपेपर्यंत तो आवाज चार-पाच वेळा वाजवला. मलाही मजा आली. गावात माझं बोलणं गाजतंय असं पहिल्यांदाच झालं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात मर्ल आला नाही. डेलबर्ट मला बघताच स्टुलावर धप्पकन बसून म्हणाला, "खाली बस, मर्ल!" सगळे हसले, रोंडा सोडून. ती म्हणाली, "एल्डन, तो रेडिओ ऐकतो ना?"

"ऐकतो. ऐकू दे. आला असता तर समोर बोललो असतो."

पेपर वाचायला घेतला. डेलबर्ट म्हणाला, "मोठ्याने कशाला वाचतोस? मी सकाळीच वाचलाय."

२१ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो. डावीकडे कोट ठेवला. उजवीकडे ठेवायला दुसरा कोट आणला नव्हता. मध्यंतरात एक मुलगा येऊन विचारून गेला, "आजोबा, या दोन्ही खुर्च्या मोकळ्या आहेत का?" मी म्हणालो, दोन्ही भरलेल्या आहेत. तो बिचारा माझ्याकडे बघत बघत गेला.

विद्यार्थ्यांनी मोठा फलक रंगवून आणला होता: 'खाली बस, मर्ल.' आपला पहिला बास्केट पडला तेव्हा सगळं सभागृह ते एका सुरात ओरडलं आणि खाली बसलं. आता ही नवी रीतच होणार असं दिसतं. मी ओरडलो नाही. घशाला त्रास होता.

आमच्या ब्रॅडीने शेवटी काय उंच उडी मारून चेंडू आत ढकलला! मी उजवीकडे वळून म्हणालो, "बघितलंस?" आणि उजवीकडे कोणी नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेलो. सूप गरम केलं. मुलाचा फोन आला नाही, त्याच्याकडे पाहुणे असणार.

२५ फेब्रुवारी, बुधवार

राहवेना म्हणून मर्लकडे गेलो. काही माफी वगैरे मागायला नाही. ट्रेव्हरने लिहिलंय की नावाडी आता आत जायच्या लायकीचे आहेत, ते दाखवायला कात्रण घेऊन गेलो.

त्याच्या दारात पेपरांचा ढीग पडलेला, एकेक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोडलेलाही नाही. म्हणजे वर्गणी भरायची आणि वाचायचं नाही. बहिष्कार घालावा तर याने! मनातून मला कौतुकच वाटलं.

दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. बोलताना माझ्या तोंडाकडे बघेना, सारखा माझ्या कानाकडे बघत होता. इतका राग? मी कात्रण पुढे केलं. त्याने घेतलं, घडी घातली आणि खिशात टाकलं.

"वाच की," मी म्हणालो.

"मग वाचेन."

"चांगलं लिहिलंय या वेळी."

"मग तू वाचून दाखव ना," तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "नको, राहू दे. रेडिओवर कळेलच. रेडिओवर सगळंच कळतं."

ते मला लागलं. लागावं म्हणूनच तो बोलला असणार. मी म्हणालो, "शनिवारी घरचा शेवटचा सामना आहे. तुझी जागा रिकामी असते." तो म्हणाला, "माझी जागा आता प्रसिद्ध झालीय, रिकामी कशी असेल?" आणि दार लावून घेतलं. जिन्याच्या कठड्याला धरून, पायाने वाट चाचपत आत गेल्याचं काचेतून दिसलं. प्यायला लागला की काय, अशी शंका आली. विचारणार कोणाला?

२८ फेब्रुवारी, शनिवार

घरचा शेवटचा सामना हरलो. दोन कोट नेले होते. दोन्ही हातावर घेऊन, नुसत्या स्वेटरवर थंडीत कुडकुडत बाहेर आलो.

६ मार्च, शुक्रवार

आज पुष्कळ लिहायचं आहे.

आमच्या भागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत आज आमचा सामना सेंट ऑल्बनशी होता. हरलो तर मोठ्या स्पर्धेचा विषयच संपला, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या रेडिओने आज शाळेच्या पोरांचा सामना लावायचं ठरवलं. मार्च महिन्यात आमच्या गावात शाळेच्या सामन्यापुढे देवाचंही काही चालत नाही. कॉलेजचा सामना फक्त टीव्हीवर.

दुपारी फोन वाजला. मर्ल होता.

"तुझ्याकडे सामना दिसतो का?"

"दिसतो. तुझ्याकडे नाही दिसत?"

"टीव्ही आहे. चॅनेलही आहे."

"मग?"

तो म्हणाला, "एल्डन, ये ना."

इतक्या वर्षांत त्याने मला 'ये ना' असं कधी म्हटलं नव्हतं. आम्ही एकमेकांना 'येतोस की नाही' असंच विचारतो. मी गेलो.

आत गेल्यावर पाहिलं तर त्याची खुर्ची टीव्हीच्या अगदी नाकाशी होती, तीही तिरकी करून, खिडकीकडे तोंड. मी म्हणालो, "असा तिरका बसून काय बघतोस?"

"तिरकंच दिसतं," तो म्हणाला. "मधलं सगळं गेलंय. कडा राहिल्यात. मैदानाच्या कडेला उभे असलेले पंच दिसतात, बास्केट दिसत नाही. आणि तुला ठाऊक आहे, पंचांना बघण्यात मला कधीच रस नव्हता."

ऑक्टोबरपासून हे असं आहे म्हणाला. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही.

मी खाली बसलो. गाडीचे दिवे, गणवेश, पेपर, जिन्याचा कठडा, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं. शेजारी बसून मीच काही बघत नव्हतो. आणि मी त्याला म्हणालो होतो, डोळे घरी ठेवून आलायस का. मला रडू फुटलं, ते त्याला दिसलं नसेल, पण ऐकू आलं असणार.

"मला सांगायचंस की रे," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? रेडिओवर फोन?"

मी रुमालाने डोळे पुसले.

"आणि कोणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "उद्यापासून रोंडा मला डोनट कापून देईल. डेलबर्ट हात धरून रस्ता पार करून देईल. त्यापेक्षा मी खाली बसणारा म्हणून प्रसिद्ध झालेला बरा."

मी शपथ घेतली. मग टीव्हीवर सामना सुरू झाला आणि मर्ल खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मीही राहिलो. दिवाणखान्यात दोन म्हातारे, समोर कोणी नाही, पण उभे.

मी सांगत गेलो. आपल्या मलाइकने टाकला, रिंगच्या कडेवर आपटून बाहेर. चेंडू त्यांच्याकडे. त्यांचा पडला.

"आवाज झाला," मर्ल म्हणाला.

"त्यांचा होता. उभा राहा."

ब्रॅडीच्या हातातून निसटला. त्यांचा आणखी एक. मलाइक पुन्हा चुकला. त्यांचा तीन गुणांचा पडला.

"झाला?"

"नाही रे."

"नक्की बघतोयस ना?"

"दुसरं काय करतोय!"

"तुझा गुडघा कसा आहे?"

"ठणकतोय."

"मग बस."

"तू बस आधी."

कोणी बसलं नाही. प्रशिक्षकाने खेळ थांबवून पोरांना बोलावलं, मध्ये साबणाच्या, विम्याच्या जाहिराती लागल्या. आम्ही जाहिरातींनाही उभे. मर्लचा तोल जाईल असं वाटलं म्हणून मी त्याचा दंड धरला, तर तो म्हणाला, "मला धरू नकोस, सामना सांग." म्हणून दंड धरूनच सांगितलं. मग मलाइकचा पुन्हा चुकला, पण ब्रॅडीने उडी मारून दोन्ही हातांनी तो परत आत ढकलला.

"पडला! आपला! खाली बस, मर्ल!"

बोलून गेलो आणि जीभच चावली. खोलीत टीव्हीतला गलका तेवढा होता. मर्ल उभाच राहिला, मान खिडकीकडे वळवून. मग त्याच्या पोटातून हसू फुटलं. हसता हसता तो चाचपत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आता बरोबर वेळेला सांगितलंस."

नऊ गुणांनी हरलो. निघताना तो म्हणाला, "तुझं वार्तांकन अगदी एकतर्फी आहे. सेंट ऑल्बनबद्दल एक चांगला शब्द नाही. ट्रेव्हर परवडला."

९ मार्च, सोमवार

मर्लच्या स्वयंपाकघरातून चिपला फोन लावला. मर्ल समोरच बसला होता, त्याने रेडिओ मोठा करून ठेवला होता. माझाच आवाज मला जरा मागून ऐकू येत होता.

"काका, रेडिओ बारीक करा," चिप म्हणाला. मी मर्लकडे बघितलं. त्याने मान हलवली. त्याला ऐकायचं होतं.

"एल्डन, तुम्हीच ना ते? आता मर्लचं काय म्हणणं? तो बसला तिथूनच आपल्याला उतरती कळा लागली!"

डोळ्यांचं सांगायचं नाही, अशी शपथ होती. मी गाडीत वेगळंच ठरवून आलो होतो, पण तोंडातून निघालं ते असं: "मर्लला बस असं मी म्हणालो. आमचं तसंच आहे, मी सांगतो आणि तो बसतो. त्या दिवशी मी कोट सारखा करत होतो, मागे गलका ऐकला आणि न बघताच म्हणालो, बस. तो बिचारा माझ्यावर विश्वास ठेवून बसला. आणि मग मी तुमच्याकडे फोन करून त्याच्यावरच ढकललं."

चिपला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. "म्हणजे बेलमोरचा सामना तुम्ही घालवलात!"

"हो," मी म्हणालो. "मी घालवला."

मर्लने रेडिओ बंद केला. उठून, कपाटाची कड हाताने शोधून, त्याने माझ्यासाठी कॉफी ठेवली. थोडी बाहेर सांडली. मी पुसली नाही.

१० मार्च, मंगळवार

दुकानात पाऊल टाकलं आणि डेलबर्ट, रोंडा, कोपऱ्यातले प्लंबर, सगळे एकदम उठून उभे राहिले. डेलबर्ट म्हणाला, "एल्डन, बसू का? तू सांगशील तेव्हा बसतो!" पुढचं वर्षभर हे मला ऐकायचं आहे. सगळ्यांत मोठ्याने मर्ल ओरडत होता. "याच्यामुळे हरलो! याच्या कोटामुळे!" त्याला मी घरून घेऊन आलो होतो. गाडीचे दिवे बिघडलेत, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

मग मी पेपर मोठ्याने वाचला. रोंडा म्हणाली, "अरे वा, परत सुरू झालं का तुमचं?" डेलबर्ट कुरकुरला. मर्ल म्हणाला, "वाचू दे. मी त्या पोराचा पेपर हातात धरत नाही."

१५ मार्च, रविवार

संध्याकाळी मर्लकडे निवड समितीचा कार्यक्रम बघितला. पडद्यावर एकेक नाव येत गेलं, मी वाचत गेलो. अडुसष्ट वाचली. त्यांत आमचं नव्हतं. असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं, तरी मर्ल म्हणाला, "नीट वाचलंस ना?"

"वाचलं."

"एखादं पान राहिलं नाही ना?"

"टीव्हीला पानं नसतात."

मी टीव्ही बंद केला. आता नोव्हेंबरपर्यंत सामने नाहीत. हे महिने दर वर्षी कसे जातात ते मला माहीत आहे. मी कोट घालून दारात आलो तेव्हा तो मागे आला. "माझ्या तिकिटाचं नूतनीकरण करून टाक," तो म्हणाला. "तुझ्या शेजारचीच जागा. आणि बसायचं केव्हा ते सांग, पण आधी बघून सांग."

"सांगेन."

माझ्या कानाकडे बघत तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्या दिवशी मी याला राग समजलो होतो. आता कळतं, कानाकडे बघितलं की त्याला माझा चेहरा दिसतो. तो बघून होईपर्यंत मी दारात हललो नाही.